दुपारची वीज, सकाळची अंघोळ

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छतावरच्या सौरविजेवर पान आलं होतं. शून्य बिल आलेल्या कुटुंबांचे हसरे फोटो बघून बरं वाटलं. मीही त्याच रांगेतला. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि त्याच उन्हाळ्यात मी गच्चीवर तीन किलोवॅटचे पॅनल चढवले. ७८ हजारांचं अनुदान खात्यात जमा झालं, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण त्या पानभर एक गोष्ट कुणीच बोललं नाही, आणि आमच्या गल्लीत सध्या तीच एक गोष्ट बोलली जाते. भर बाराला, डोळे दिपवणारं ऊन असताना, आमचे सोलर बंद पडतात.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावात राहतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून २९ वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतरही खिशात टेस्टर असतो, लग्नाला जातानासुद्धा. निफाडची थंडी तुमच्या वाचकांना सांगायला नको. दर हिवाळ्यात तुम्हीच पहिल्या पानावर आमचा पारा छापता आणि खाली द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो लावता. अशा गावात गरम पाणी ही चैनीची बाब नाही. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब होता, आई पहाटे तुराट्या घालून तो पेटवायची. मग सौर बंब आला. तो चांगला चालला, पण बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरले आणि एका गारपिटीत निम्म्या काचेच्या नळ्या गेल्या. त्यानंतर गीझर.

पहिलं वर्ष सोलरचं कौतुकात गेलं. रोज संध्याकाळी मोबाईलवर आज किती युनिट झाले ते बघायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. शेजाऱ्यानं ऐकून ऐकून पुढच्या वर्षी स्वतःच बसवलं. मग त्याच्या साडूनं, मग दूध डेअरीवाल्यानं. बघता बघता आमच्या एका डीपीवर, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या रोहित्रावर, ११ घरांचं सोलर झालं. माझं घर शेवटच्या खांबावर. आणि गेल्या जानेवारीत, आभाळात ढगाचं बोट नसताना, माझे रोजचे युनिट ११ वरून ७.८ वर आले.

पॅनल धुतले. जोडण्या तपासल्या. काही सापडेना. शेवटी एक दिवस जेवणाचं ताट घेऊन इन्व्हर्टरसमोरच बसलो, म्हणजे पॅनलची वीज लाइनला जोडणाऱ्या पेटीसमोर. बारा वाजून दहा मिनिटांनी हिरवा दिवा गेला, लाल लागला. मिनिटभरानं पुन्हा हिरवा. चार-पाच मिनिटांनी पुन्हा लाल. मल्टिमीटर लावला तर २५४ व्होल्ट! आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. माझ्या इन्व्हर्टरची वरची मर्यादा त्याच्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ ला आहे. त्याच्या पुढे गेलं की त्यानं लाइनपासून स्वतःला तोडायचं, हा सुरक्षेचा नियम. म्हणजे बिघाड इन्व्हर्टरचा नव्हताच, तो बिचारा नियमानं वागत होता.

व्होल्टेज का चढतं हे मी गल्लीतल्या मंडळींना पाटाच्या भाषेत सांगितलं. पाटाचं पाणी तुमच्या वावरात येतं, कारण पाट उंच आणि वावर खाली. आता उलट करा. विहिरीचं पाणी पाटात ढकलायचं असेल तर तुमची पातळी पाटाच्या वर न्यावी लागेल. चारी जितकी अरुंद आणि लांब, तितकी जास्त वर. सोलरची उरलेली वीज डीपीकडे ढकलताना नेमकं हेच होतं. दुपारी गावठाण फिडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवर, भार कुठला? माणसं बागेत, पोरं शाळेत, घरात एखादा पंखा. ११ घरं एकाच बारीक तारेत वीज ढकलतायत आणि घेणारं कुणी नाही. पातळी सगळ्यात आधी चढते ती चारीच्या टोकाशी, म्हणजे माझ्याकडे.

तक्रार केली. संबंधित कार्यालयातून एक तरुण मुलगा आला, वागायला चांगला. आला संध्याकाळी सव्वासहाला. मीटर लावला, २२६ व्होल्ट. कागदावर ‘व्होल्टेज योग्य’ लिहून सही घेतली. मी म्हटलं, बाबा रे, दुपारी ये. तो म्हणाला, काका, दुपारी माझी ड्युटी दुसऱ्या सेक्शनला असते. आता यावर काय बोलणार? रोहित्राला व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असेल तर एक टप्पा खाली घेऊन बराच फरक पडेल, असं मी लेखी दिलं आहे. टप्पा खाली घेतला तर संध्याकाळी व्होल्टेज पडेल, ही त्यांची अडचण मला कळते. गावात दोन्ही वेळा सांभाळायच्या आहेत.

तेवढ्यात मला इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री आठवलं. माझी मुलगी तिकडे असते. २०१९ साली आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने राहिलो. तिच्या घरात कपाटाएवढी एक पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी भिंतीवर एक लहानशी पेटी. सूर्य ढगाबाहेर आला की पेटीवरचा आकडा चढायचा, ढग आला की उतरायचा. मी तासन्‌तास ती पेटी बघत बसायचो आणि आमची ही मुलीला म्हणायची, ‘तुझ्या बाबांना इंग्लंड दाखवायला आणलं आणि ते मोरीचं कपाट बघतायत.’ ती पेटी करायची काय, तर घराची गरज भागून जेवढी सौरवीज उरेल तेवढीच टाकीतल्या हीटरला द्यायची. तिकडे २०१० ते २०१९ या काळात ज्यांनी सोलर बसवलं, त्यांना एक गमतीची सोय होती. बाहेर गेलेली वीज मोजणारा मीटर नसलेल्या घरांत, झालेल्या विजेपैकी निम्मी बाहेर गेली असं धरूनच पैसे मिळत. प्रत्यक्षात किती गेली ते कोण बघतो! मग उरलेली वीज घरातच पाण्यात मुरवली तर तो फायदा वरचा. म्हणून त्या पेट्या तिकडे चालल्या.

आपल्याकडे हिशेब वेगळा आहे, आणि तो सरळ सांगितला पाहिजे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्री परत वापरता येतं. महिन्याचं उरलेलं पुढच्या महिन्यात ओढलं जातं. ३१ मार्चला जे शिल्लक राहतं त्याचे पैसे मिळतात, पण आपण वीज ज्या दरानं घेतो त्याच्या कितीतरी कमी दरानं. त्यामुळे ‘गीझर दुपारी लावा आणि बिल वाचवा’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो अर्धं सांगतो. मार्चअखेर ज्याचे युनिट उरत नाहीत, त्याला सकाळी तापवा नाहीतर दुपारी, जवळपास सारखंच. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ मध्ये सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली, तेवढा फरक. पण जे युनिट इन्व्हर्टर बंद पडल्यामुळे तयारच झालं नाही, ते ना रात्री परत मिळतं, ना मार्चला. ते उन्हासकट वाया. मला वाचवायचं होतं ते हे युनिट.

कॉव्हेंट्रीसारखी पेटी इथे मागवायची तर खर्च बराच. शिवाय ती उरलेली वीज मोजते, आणि माझा प्रश्न व्होल्टेजचा. एका रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात आलं, अरे, व्होल्टेज चढलं हीच तर खूण आहे की वीज उरली आहे! वेगळं काही मोजायला कशाला हवं? बाजारात व्होल्टेज रिले मिळतो. फ्रिज, मोटार वाचवायला लावतात, व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर गेलं की तो सप्लाय तोडतो. मी त्याला उलटा जोडला. व्होल्टेज वर गेलं की त्यानं कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त अँपिअर पेलणारा स्विच, ओढायचा आणि गीझर चालू करायचा. व्होल्टेज उतरलं की सोडायचा. उपकरण वाचवायला बनवलेल्या रिलेकडून मी लाइन वाचवायचं काम घेतलं, म्हणा.

पहिल्या दिवशी फजिती झाली. २५० ला चालू, २४७ ला बंद असं लावलं होतं. माझा गीझर दोन किलोवॅटचा, म्हणजे नऊएक अँपिअर खेचतो. तो लागला की आमच्या टोकाला व्होल्टेज सहानं उतरतं. २५० झाले, गीझर लागला, व्होल्टेज २४४ वर आलं, गीझर बंद, पुन्हा २५०. टक-टक-टक-टक. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘आत पाल चुकचुकतेय का हो?’ २९ वर्षं पोरांना शिकवलं की चालू आणि बंद यांच्या आकड्यांत अंतर ठेवा, आणि स्वतःच्या घरी विसरलो. मग २४८ ला चालू आणि २३८ ला बंद असं केलं, वर दोन मिनिटांचा विलंब. आता ढगाचा एखादा तुकडा आडवा गेला तर गीझर तसाच चालतो, आभाळ भरून आलं तर सोडतो.

दुसरी फजिती तिसऱ्या रात्री. पहाटे तीनला अख्खं गाव झोपलेलं, लाइनवर भार शून्य, व्होल्टेज आपसूक २४९. गीझर चालू! सूर्य पृथ्वीच्या पलीकडे आणि माझं ‘सौर’ पाणी तापतंय. म्हणून रिलेच्या सिरीजमध्ये एक टायमर घातला, सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन. पाणी तापलं की वीज तोडणारा गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट तिसरा पहारेकरी. तिघांनी हो म्हटलं तरच वीज पाण्यापर्यंत जाते. आणि पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवसांसाठी समांतर एक साधं बटण, घरातल्यांना कळेल असं, वर चिकटपट्टीवर ‘हातानं’ लिहिलेलं. सगळा खर्च २,२०० रुपयांच्या आत.

गीझरही बदलावा लागला. जुना २५ लिटरचा होता. तो २० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वा युनिटही लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासात भरतो, आणि दुपार तर अडीच-तीन तासांची. ५० लिटरची टाकी घेतली, तिला सव्वादोन-अडीच युनिट, सव्वा तास. दुपारी तापलेलं पाणी सकाळपर्यंत राहतं का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मी थर्मामीटर लावून बघितलंय. दुपारी अडीचला ६० असलेलं पाणी जानेवारीतल्या पहाटे साडेपाचला ४९ भरलं. अंघोळीला चाळीस-बेचाळीस पुरतं, म्हणजे वरून थंड ओतावंच लागतं. आमच्या दोघांच्या बादल्या आणि चहाच्या भांड्यांना पुरून उरतं. नातवंडं आली की पुरत नाही, तेव्हा ‘हातानं’ बटण. जी उष्णता रात्रभरात टाकीच्या अंगातून निसटते, ते नुकसानच, साधारण पाऊण युनिटच्या आतलं. पण मी ते अशा युनिटमधून भरतो जे एरवी जन्मालाच आलं नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. एकट्या माझ्या गीझरनं सव्वा तास निभावतो. टाकी तापून थर्मोस्टॅट सुटला की पुन्हा २५३, पुन्हा लाल दिवा. उरलेल्या वेळेत मी बोअरची मोटार लावतो, ही घरघंटी लावते. पण रोज कोण दळणार? म्हणून शेजारच्या तीन घरांत तसाच रिले बसवून दिला आणि प्रत्येकाचा आकडा एकेका व्होल्टनं वेगळा ठेवला. माझा २४८, डेअरीवाल्याचा २४९, साडूंचा २५०, पुढच्या घराचा २५१. खांबागणिक व्होल्टेज थोडं वेगळं असतं, त्यामुळे दोन आठवडे आकडे पुढेमागे करावे लागले. पण आता नंबर लागल्यासारखं चालतं. माझी टाकी भरली की व्होल्टेज चढतं, मग डेअरीवाल्याची लागते. त्यांचं भरलं की साडूंचं. कुणी कुणाला फोन करत नाही, इंटरनेट नाही, ॲप नाही. तारेतलं व्होल्टेज हाच निरोप्या. पूर्वी दुपारभरात माझा इन्व्हर्टर पंधरा-पंधरा वेळा पडायचा. आता एखाद-दोनदा पडतो, तोही रविवारी, जेव्हा डेअरीवाल्यांकडे सकाळीच पाहुणे येऊन टाकी ‘हातानं’ तापवून ठेवलेली असते. युनिट पुन्हा १०.९ पर्यंत आले आहेत.

हे वाचून कुणी आज संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर काढू नये, म्हणून हात जोडून सांगतो. आमच्याच गल्लीत एकानं माझं बघून ऑनलाइन दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग मागवला आणि गीझरला लावला. नऊ अँपिअर तासभर वाहिल्यावर त्याची पिन प्लॅस्टिकमध्ये रुतून बसली, जळका वास आला म्हणून कळलं. गीझरला १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, योग्य कॉन्टॅक्टर, पक्की अर्थिंग आणि वीज गळली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि काम परवानाधारक माणसाकडूनच. पाणी आणि वीज एकत्र आली की मास्तरकी चालत नाही. ज्यांच्याकडे सोलरच नाही आणि फक्त गरम पाणी हवंय, त्यांनी या भानगडीत पडू नये. उन्हानं थेट पाणी तापवणारा सौर बंब त्यांना अजूनही स्वस्त पडतो, पाणी फार जड नसेल तर.

माझी विनंती दोघांना आहे. सोलर बसवणाऱ्या एजन्सींनी पॅनल लावतानाच गीझरची लाइन मीटरबोर्डापर्यंत आणून, तिथे कॉन्टॅक्टर आणि टायमरची जागा ठेवावी. नंतर भिंत फोडून करायला तिप्पट त्रास होतो, माझ्या मोरीच्या टाइल्स साक्षीला आहेत. एजन्सीवाले येतात, फोटो काढतात, अनुदानाचा अर्ज भरतात आणि जातात. दुपारची वीज जाणार कुठे, हा प्रश्न त्यांच्या फॉर्ममध्ये नसतो. आणि वीजपुरवठा करणाऱ्यांनी ज्या डीपीवर पाच-दहा सोलर आहेत, तिथलं व्होल्टेज दुपारी बारा ते दोनमध्ये मोजावं. संध्याकाळी सहाला मोजून दुपारचं दुखणं सापडत नाही. एक कोटी घरांवर पॅनल बसवायचं योजनेचं उद्दिष्ट आहे. आमच्या गल्लीत ११ घरांतच लाल दिवे लागले.

आमच्या हिला यातलं तांत्रिक काही पटत नाही. तिचं म्हणणं, पहाटे बटण दाबून वीस मिनिटं कुडकुडत थांबावं लागत नाही, हे बरं झालं, बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ. खरं सांगायचं तर निफाडच्या जानेवारीत तिचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे.

आपल्या पुरवणीच्या बातमीदारांना पुढच्या वेळी शून्य बिलाचे फोटो काढायला यायचं असेल तर आमच्या गावी अवश्य यावं. मात्र दुपारी बाराच्या सुमाराला या, जेवायलाच या. मल्टिमीटर आणायची गरज नाही, माझ्याकडे दोन आहेत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
ता. निफाड, जि. नाशिक